शेवटचे दहा मीटर

उपग्रहावरून येणाऱ्या चित्राला आपल्या गच्चीपर्यंत पोचायला साधारण पाव सेकंद लागतो. प्रसारण केंद्रातून वर जवळपास ३६,००० किलोमीटर आणि तिथून तेवढंच खाली, म्हणजे एकूण ७२,००० किलोमीटरचा प्रवास. तेच चित्र गच्चीवरच्या डिशमधून निघून आतल्या खोलीतल्या लॅपटॉपवर वायफायने यायला माझ्या घरात एक सेकंदाहून जास्त वेळ घेतं. अंतर दहा मीटर. मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट.

घरातला उपग्रह टीव्ही लॅपटॉपवर बिनतारी बघायची सोय केली त्याला आता बराच काळ लोटला. ती रोजच्या वापरात रुळली, तरी हे दोन आकडे माझ्या मनातून जात नाहीत. अवघड काम तर वर केव्हाच होऊन गेलेलं असतं. १९४५ सालच्या ऑक्टोबरमध्ये आर्थर सी. क्लार्क यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात लिहिलं होतं की, विषुववृत्ताच्या वर ठरावीक उंचीवर एखादी वस्तू फिरती ठेवली तर तिची फेरी पृथ्वीच्या फेरीबरोबर पुरी होईल, जमिनीवरून ती एका जागी स्थिर दिसेल, आणि अशी तीन ठाणी जवळजवळ सगळं जग व्यापतील. १९६४ साली सिंकॉम-३ हा उपग्रह त्या जागी जाऊन बसला आणि टोकियोचं ऑलिंपिक त्याच्यामार्फत महासागरापलीकडे दिसलं. आज आपली डिश ज्या बिंदूकडे तोंड करून उभी असते, तो बिंदू सेकंदाला तीन किलोमीटरच्या वेगाने धावतोय आणि तरीही आपल्या दृष्टीने जागचा हलत नाही. म्हणून तर डिश एकदा नीट रोखून नट घट्ट आवळले की वर्षानुवर्षं तिच्याकडे बघावं लागत नाही.

त्या डिशच्या वाट्याला येणारी शक्ती पिकोवॅटमध्ये मोजतात. एक पिकोवॅट म्हणजे वॅटचा लाख कोटीवा भाग. एवढ्याशा ऐवजातून बातम्या, सामने, गाणी, माणसांचे चेहरे पुन्हा उभे राहतात. डिशच्या पुढे आडव्या दांडीवर बसवलेला एलएनबी, म्हणजे सिग्नल गोळा करणारी छोटी डबी, तो क्षीण सिग्नल उचलतो, वाढवतो, आणि दहा-बारा गिगाहर्ट्झवरून खाली ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आणतो, कारण मूळच्या वारंवारितेवर साधी केबल त्याला वाटेतच गिळून टाकेल. एलएनबीला लागणारी वीज त्याच केबलमधून उलट्या दिशेने वर जाते. १३ व्होल्ट गेले तर तो उभ्या ध्रुवणाच्या, म्हणजे उभ्या दिशेने कंप पावणाऱ्या लहरी घेतो, १८ गेले तर आडव्या. एका तारेत खाली येणारं चित्र आणि वर जाणारा हुकूम. या रचनेबद्दल मला पहिल्यापासून प्रेम आहे, आणि गच्चीवर गेले की मी त्या एलएनबीकडे एकदा बघतेच.

मग ही केबल बैठकीच्या खोलीत उतरते, भिंतीतून बाहेर येते, आणि तिथे सगळं थांबतं. ७२,००० किलोमीटर बहुतेक हवेतून नि पोकळीतून आलेलं चित्र एका खिळ्याशी बांधलं जातं. सोफा त्याच्यासमोर, खुर्च्या त्याच्याकडे वळलेल्या. ज्याला बघायचंय त्याने तिथे यायचं.

बाबांना येता येईना. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांना बसायला अर्धा तास, तोही पाठीला उशा लावून, एवढीच परवानगी होती. बैठकीची खोली घरातल्या घरात दूरदेशी गेली. त्यांना फोनवर बातम्यांचे तुकडे दाखवून बघितले. ते बघत, मग फोन पोटावर पालथा ठेवत. त्यांना तुकडे नको होते. त्यांना त्यांची वाहिनी हवी होती, तिचा ठरलेला वेळ, तो ओळखीचा निवेदक, मधल्या जाहिरातींसकट. आजारी माणसाचा दिवस फार पसरट असतो, आणि ठरलेल्या वेळी लागणारा कार्यक्रम त्या दिवसाला कडा देतो, हे मला त्या दिवसांत कळलं. म्हणून त्यांच्या खोलीत चित्र न्यायचं ठरवलं. भिंती फोडून नवी केबल ओढणं तेव्हा शक्य नव्हतं. धूळ, आवाज, कारागिरांची ये-जा, हे सगळं त्यांच्या उशाशी कोण करणार?

लॅपटॉपपर्यंत चित्र न्यायच्या वाटा तीन-चार आहेत. सेट-टॉप बॉक्समधून बाहेर पडणारं चित्र पुन्हा दाबून, लहान करून नेटवर्कवर सोडायचं, ही जुनी वाट. काही बॉक्सना त्यांचं स्वतःचं ॲप असतं. तिसरी वाट सॅट-आयपी नावाच्या मानकाची. एसईएस या उपग्रह कंपनीच्या पुढाकाराने ते २०१२ साली पुढे आलं आणि नंतर युरोपात ईएन ५०५८५ या क्रमांकाने अधिकृत झालं. यात डिशची केबल एका पेटीत जाते, पेटी तिचं नेटवर्कच्या भाषेत रूपांतर करते, आणि घरातला कुठलाही लॅपटॉप तिच्याकडे हवी ती वाहिनी मागू शकतो. मी घेतलेली वाट हिच्या जवळची: उपग्रहाचा सिग्नल पकडणारा ट्यूनर जोडलेला एक छोटा लिनक्स संगणक, त्यावर वाहिन्या नेटवर्कवर वाटणारा टीव्हीहेडएंड हा प्रोग्रॅम, आणि लॅपटॉपवर चित्र दाखवणारा व्हीएलसी. या वाटेची मला आवडणारी गोष्ट अशी की चित्राला कोणी हात लावत नाही. उपग्रहाने पाठवलेली माहितीची १८८ बाइटांची पुडकी जशीच्या तशी लॅपटॉपपर्यंत जातात. पुन्हा दाबणं नाही, रंग फिके होणं नाही. वर जे सोडलं गेलं, तेच मांडीवर उतरतं.

खुल्या वाहिन्यांना यात काही अडचण येत नाही. पैसे भरून घेतलेल्या वाहिन्या मात्र संकेतबद्ध असतात आणि त्यांची किल्ली बॉक्समधल्या कार्डात असते. बॉक्समधून एचडीएमआयवर येणाऱ्या चित्रालाही बहुधा कुलूप असतं. चोरी थांबवायला कुलूप हवं, हे मला मान्य आहे. पण ज्याने पैसे भरलेत त्याने आपल्याच घरात, आपल्याच आजारी माणसाला, शेजारच्या खोलीत ते दाखवू नये, हे मला पटत नाही. वर्गणी घराची असते. ती एका भिंतीची का व्हावी? आमच्याकडे त्या वाहिन्यांचा बॉक्स बैठकीतच राहिला आणि बाबांच्या वाट्याला खुल्या वाहिन्या आल्या. नशिबाने त्यांच्या आवडीच्या बहुतेक खुल्याच होत्या.

आता ते दहा मीटर.

लॅपटॉपजवळ पोचलेला वायफायचा सिग्नल डिशवर पडणाऱ्या सिग्नलच्या हजारो पटींनी जोरकस असतो. तरी चित्र थबकतं ते इथेच. याचं कारण अंतर नाही, गर्दी आहे. उपग्रहाला त्याची वारंवारिता वाटून दिलेली असते, डिश एकाच दिशेला बघते, आणि मध्ये मोकळं आकाश असतं. त्या रस्त्यावर दुसरं कोणी नाही. वायफायचा पट्टा मात्र सगळ्यांना मोफत, म्हणून सगळेच तिथे. एका खोलीत दहा माणसं असावीत आणि एका वेळी एकानेच बोलायचं ठरलेलं असावं, तसं वायफाय चालतं: प्रत्येक यंत्र आधी ऐकतं, शांतता आहे असं वाटलं की बोलतं, दोघे एकदम बोलले तर थांबून पुन्हा प्रयत्न करतं. आपला फोन, शेजाऱ्यांचे राउटर, खालच्या मजल्यावरचा कॅमेरा, सगळे त्याच रांगेत. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या जागा जेमतेम तीन. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि झाकणातून थोडा झिरपतोच. ५ गिगाहर्ट्झवर जागा जास्त, पण तिथल्या लहरी भिंतींना लवकर हार मानतात, आणि लोखंडी कपाट असेल तर विचारूच नका.

त्याहून खोल फरक स्वभावाचा आहे. उपग्रह बोलतो, पण ऐकत नाही. पुडकं तुम्हाला मिळालं की नाही, हे त्याला कधीच कळणार नाही. पुन्हा पाठवण्याचा प्रश्नच नाही. म्हणून तो चुकीची दुरुस्ती आधीच सोबत बांधून देतो. डीव्हीबी-एस या पहिल्या पिढीच्या पद्धतीत १८८ बाइटांच्या प्रत्येक पुडक्याला १६ जादा बाइट जोडलेले असतात. वाटेत ८ बाइटांपर्यंत काहीही बिघडलं तरी ते जागेवर सुधारून घेता येतं. त्याखाली दुरुस्तीचा आणखी एक थर असतो. ज्याला परत विचारता येणार नाही, त्याच्यासाठी इतकी आधीची काळजी कोणीतरी बसून गणिताने केली आहे. वायफायची रीत उलटी: पाठवा, पोच घ्या, पोच आली नाही तर पुन्हा पाठवा. एखादी फाइल उतरवताना ही रीत उत्तम. धावत्या चित्राला मात्र उशीर हा तोट्याइतकाच वाईट.

एक गंमत इथे सांगण्यासारखी आहे. नेटवर्कवर एकच प्रवाह अनेकांना वाटायची मल्टिकास्ट नावाची सोय आहे, आणि ती प्रसारणाच्या स्वभावाला अगदी जुळते. तारेच्या नेटवर्कवर ती छान चालते. वायफायवर मल्टिकास्टच्या पुडक्यांना पोच नसते आणि ती सहसा सगळ्यांत कमी वेगाने सोडली जातात, म्हणजे कोपऱ्यातल्या सगळ्यांत दुबळ्या यंत्रालाही ऐकू जावीत. एचडी वाहिनीला सेकंदाला आठ-दहा मेगाबिट लागतात. ती अशी सोडली तर घरातलं सगळं वायफाय तुंबतं. म्हणून प्रत्येक लॅपटॉपला स्वतंत्र प्रवाह देणंच बरं पडतं. दुसरी गोष्ट, ट्यूनरचा संगणक राउटरला तारेनेच जोडावा. तोही वायफायवर असला तर प्रत्येक पुडकं हवेतून दोनदा जातं आणि गर्दी दुप्पट होते. आमच्या घरी या एका तारेने जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशानेही पडला नाही. उरलेला फरक कपाट सरकवल्याने पडला.

आणि ही सगळी धावपळ घरातल्या घरात असल्यामुळे इंटरनेटचा यात काहीही संबंध येत नाही. हे लोकांना सांगावं लागतं. ‘डेटा किती जातो?’ असं विचारतात. काहीच जात नाही. बाहेरचं इंटरनेट बंद पडलं तरी राउटरचे दिवे लागलेले असले की बाबांची वाहिनी चालू.

बिघाड कुठे आहे ते चित्र बघूनच ओळखता येऊ लागतं. मुसळधार पावसात बारा गिगाहर्ट्झच्या लहरी थेंबांत विरतात, दुरुस्तीचे बाइट पुरे पडत नाहीत, मग चित्र चौकोनाचौकोनांत फुटतं आणि आवाज तुटतो. वायफाय अडलं तर चित्र शाबूत राहून थबकतं. वर्षातून दोनदा, विषुवदिनांच्या सुमारास, सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि काही दिवस रोज थोडी मिनिटं त्याच्या रेडिओ-गोंगाटात सगळं बुडतं. बाबांना मी ते आधी सांगून ठेवलं होतं. ठरलेल्या वेळी चित्र गेलं, तेव्हा ते खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे बघत म्हणाले, “म्हणजे आत्ता तो, उपग्रह आणि आपली डिश एका रेषेत.” बरेच दिवस अंथरुणात पडलेल्या माणसाला आपण कुठल्या रेषेवर आहोत हे इतकं नेमकं सांगता आलं, याचा मला फार आनंद झाला.

उशिराची गोष्ट मात्र त्यांना खुपली. व्हीएलसी नेटवर्कवरून आलेलं चित्र एकदम दाखवत नाही. वाटेतले अडथळे झाकायला साधारण सेकंदभराचं चित्र हाताशी राखून मग दाखवतं. त्यामुळे सामन्याच्या दिवशी बैठकीत आरडाओरडा आधी व्हायचा आणि बाबांच्या पडद्यावर चेंडू मग यायचा.

“अगं, तिकडे ओरडले की इकडे काहीतरी होणार, हे मला आधीच कळतं,” ते म्हणाले. “मग बघायचं काय उरलं?”

राखीव चित्र कमी करून बघितलं. कमी केलं की अडखळणं वाढायचं. दार लावून घेतलं तर त्यांना एकटं वाटायचं, आणि मुळात हे सगळं त्यांना एकटं वाटू नये म्हणून होतं. प्रश्न एका सेकंदाचा दिसतो, पण थेट प्रसारणाचा अर्थच त्या सेकंदात असतो. आपल्याला दिसतंय ते याच क्षणी सगळ्यांना दिसतंय, हा विश्वास. शेवटी उलटा विचार केला. बाबांना पुढे आणता येत नाही, तर बैठकीला मागे न्यावं. खुल्या वाहिन्यांसाठी बैठकीतला टीव्हीही त्याच छोट्या संगणकावरून, तेवढंच चित्र राखून ठेवून, चालवायला घेतला. दोन्हीकडे सारखाच उशीर. आता ओरडा दोन खोल्यांतून एकदम उठतो. फरक असलाच तर कानाला कळत नाही. आईला ही कल्पना पहिल्यांदा विचित्र वाटली. “सगळ्यांनीच उशिरा बघायचं?” असं तिने विचारलं, आणि मग पहिल्या सामन्यानंतर पुन्हा विचारलं नाही.

चालू कार्यक्रम थोडा वेळ थांबवून ठेवता येतो, ही या रचनेतली आणखी एक सोय. एरवी थेट चित्र थांबवणं मला आवडत नाही. पण बाबांना उठवून न्हाणीघरापर्यंत न्यायचं असतं तेव्हा ते चित्र त्यांच्यासाठी थांबतं, आणि परत येताना त्यांना घाई करावी लागत नाही. घाईत पाय घसरण्याची भीती असलेल्या घराला याची किंमत कळते.

टीव्ही भिंतीपासून सोडवायचा प्रयत्न आधी मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. अमेरिकेत २००५ साली क्रिकोरियन बंधूंनी स्लिंगबॉक्स आणला. प्रवासात असतानाही आपल्या आवडत्या बेसबॉल संघाचे सामने बघता यावेत, ही त्यामागची ओढ होती. घरच्या बॉक्सचं चित्र तो जगात कुठेही लॅपटॉपवर पोचवायचा. लोकांनी त्याच्यावर मनापासून प्रेम केलं. पण चालण्यासाठी त्याला कंपनीच्या सर्व्हरची गरज होती. ९ नोव्हेंबर २०२२ला ते सर्व्हर बंद झाले आणि घराघरांतल्या धडधाकट पेट्या त्या दिवसापासून अशा वापराला निरुपयोगी ठरल्या. ही बातमी वाचल्यापासून माझा आग्रह ठाम झाला आहे: डिश आपली, केबल आपली, लॅपटॉप आपला, तर मधला दुवाही आपल्याच घरात असावा, आणि तो सगळ्यांना माहीत असलेल्या मानकावर चालावा. बॉक्स बनवणाऱ्यांनी ही सोय प्रत्येक बॉक्समध्ये द्यावी. ती देणं तांत्रिकदृष्ट्या आता अवघड राहिलेलं नाही.

इतका खटाटोप कशाला, सगळंच हल्ली इंटरनेटवर मिळतं, असं मला पुष्कळ जण म्हणतात. मिळतं, हे खरं. पण तिथे प्रत्येक बघणाऱ्यासाठी एक वेगळा प्रवाह निघतो, आणि ज्याच्यासाठी निघतो त्याची नोंद होते. कुठे थांबलात, काय सोडून दिलंत, किती वाजता झोप आली नाही म्हणून काय लावलंत. उपग्रहाचं तसं नाही. एकाने बघितलं काय आणि कोटभर लोकांनी बघितलं काय, वरून तेवढंच सोडलं जातं. डिश फक्त घेते, वर काही कळवत नाही. रात्री दोन वाजता दुखणं वाढलं म्हणून एखादा माणूस जुनी गाणी लावून पडला असेल, तर ते त्याच्यात आणि त्याच्या भिंतीत राहतं. आजारपणात माणसाचं सगळंच कोणाकोणाच्या वहीत टिपलं जात असतं: ताप, रक्तदाब, गोळ्यांच्या वेळा, किती पावलं चालला. एवढी एक गोष्ट बिनानोंदीची असावी असं मला वाटतं, आणि ती वाटणी करताना उपग्रह कोणालाही लहानमोठं धरत नाही.

बाबा आता वॉकर घेऊन बैठकीत येतात. तरी लॅपटॉप त्यांच्या खोलीतून हललेला नाही, कारण दोन्हीकडे हव्या असणाऱ्या वाहिन्या वेगळ्या व्हायला लागल्या आहेत. एक ट्यूनर एका वेळी एका ट्रान्सपाँडरचा, म्हणजे उपग्रहावरच्या एका प्रक्षेपकाचा, सगळा प्रवाह घेतो, नेहमीच्या मांडणीत सेकंदाला ३८ मेगाबिट, आणि त्यात बऱ्याच वाहिन्या एकत्र असतात. दोघांच्या वाहिन्या त्याच गठ्ठ्यात असल्या तर एका ट्यूनरवर दोन्ही खोल्या सुखात. पण बाबांना हल्ली आवडलेली माहितीपटांची वाहिनी आडव्या ध्रुवणावर आहे आणि आईच्या मालिका उभ्या. एका केबलमधून १३ आणि १८ व्होल्ट एकाच वेळी जात नाहीत. सध्याच्या एलएनबीला दोनच तोंडं आहेत, एक बॉक्सकडे गेलेलं, दुसरं ट्यूनरकडे. म्हणून चार तोंडांचा एलएनबी आणून ठेवलाय, दुसरा ट्यूनरही आलाय, आणि पाऊस उघडला की मी गच्चीवर चढणार आहे. बाबांनी आत्ताच दोनदा विचारून घेतलंय की, यानंतर वाहिनी बदलायच्या आधी आईला हाक मारावी लागणार नाही ना.